पालथी आणलेली होडी

माझ्या धाकट्या दिराने प्लास्टिकची होडी विकत घेतली, तेव्हा आमच्या घरात कोणालाच पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. केळव्याला राहतो, मागच्या पडवीत बसलं की समुद्र ऐकू येतो, पण आम्ही वाडीवाले. नारळ, सुपारी, पानवेल. आमचा पाण्याशी संबंध विहिरीवरच्या पंपापुरता. पण शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात, घोडागाडीत बसतात, उंटावर बसतात, मग होडीत का नाही बसणार, असं दिराच्या डोक्यात शिरलं. त्याला परवानगी लागते का, बुडला कोणी तर काय, असं मी विचारलं. “बघू ना वहिनी, आधी होडी तर येऊ दे,” म्हणाला. आमच्याकडची सगळी कामं अशीच होतात, आधी आणायचं आणि मग बघायचं.

होडी तारापूरच्या एका कॉलनीत जिन्याखाली पडून होती. तिथले एक साहेब बदली होऊन चालले होते. त्यांनी मोठ्या हौसेने ती घेतलेली, एकदा पाण्यात घातली, फोटो काढले, आणि पुढे तिच्यावर कॉलनीतली मांजरं झोपायला लागली. असल्या वस्तूला कयाक म्हणतात. लांबलचक, भडक नारिंगी, दोन माणसं एकामागे एक बसतील अशी. दिराची पिकअप आहे, तो तिच्यातून नारळ आणि भाजी पालघर-बोईसरला पोचवतो. तर होडी आणायची ती त्याच पिकअपमधून, हे ठरलेलंच होतं. नेमकं त्याच दिवशी मला ह्यांना घेऊन बोईसरला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणून आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर, आणि दीर पिकअप घेऊन, असे निघालो.

डोळ्याचं आता सांगायला हवं, नाहीतर मी त्या दिवशी एवढी का तडकले ते कोणाला कळायचं नाही. माझ्या नवऱ्याला डावा डोळा नाही. पूर्वी हे बोईसरच्या एका कारखान्यात होते. एका संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर पाम गावाच्या बाजूला कोणाकडे तरी चालले होते, मोटारसायकलवर. पुढे एक टेम्पो, त्याच्या बाहेर वावभर लोंबणाऱ्या लोखंडी सळ्या. टेम्पोने एकदम ब्रेक मारला. हेल्मेट होतं, काच वर केलेली होती. पुढचं मी सांगत नाही, मला अजून सांगता येत नाही. सळ्यांना लाल फडकं बांधलेलं होतं. तेलाने आणि धुळीने ते इतकं काळं झालेलं की संध्याकाळच्या उजेडात कुत्र्यालासुद्धा दिसलं नसतं. पण पालघरच्या कोर्टात तो ड्रायव्हर छाती काढून म्हणाला, “साहेब, लाल कपडा बांधला होता मी.” जणू ह्यांनीच जाऊन त्या सळीवर डोळा ठेवला!

तेव्हा आमच्या वकिलाने मला समजावलं होतं, की माल गाडीच्या बाहेर येताच कामा नये, मागे नाही, पुढे नाही, बाजूला नाही. फडकं बांधलं म्हणून तो गुन्हा माफ होत नाही. हे मला पाठ झालं. आपल्याकडे मात्र फडकं म्हणजे परवानाच. हातभर चिंधी लावली की वाट्टेल ते वाट्टेल तितकं लोंबवा, मागच्याने आपलं नाक, डोळे, कपाळ सांभाळावं. आणि हे? हे काय म्हणतात? “नशीब.” इतकी वर्षं झाली, त्या टेम्पोवाल्याला ह्यांनी एक शिवी दिली नाही. कोणी विचारलं की एक शब्द, नशीब. माझं डोकं फिरतं. बांधणाऱ्याचा आळस, आणि नाव मात्र नशिबाचं!

त्या सकाळी डॉक्टरांनी उजवा डोळा तपासला, ठीक आहे म्हणाले, आणि नेहमीचंच बोलले, “आता हा एकच आहे, जपा.” हे हसून हो म्हणाले. तिथून आम्ही तारापूरला कॉलनीत पोचलो, तर तिथे पूजा चाललेली!

सासूबाईंनी दिराबरोबर नारळ, हळदकुंकू आणि लाल कापडाचा एक कोरा तुकडा पाठवला होता. नव्या होडीच्या तोंडाला बांधायला. आमच्या शेजारी मांगेल्यांची घरं आहेत, ते मासेमारीवाले, त्यांच्या होड्यांची पूजा सासूबाई लहानपणापासून बघत आल्या. त्यांचं ठीक आहे हो, त्यांचं पोट आणि जीव त्या होडीवर आहे. आमच्या दिराने जन्मात वल्हं धरलं नाही, आणि पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या गर्दीत, हा प्लास्टिकला कुंकू लावतोय. साहेब बिचारे चपला काढून उभे.

पूजा झाली आणि चढवायची वेळ आली. साहेबांनी होडीबरोबर रुंद पट्टे दिले, कडी असलेले, ओढून घट्ट करायचे. आणि सांगितलं की ही उलटी ठेवून न्या, पालथी, म्हणजे वारा भरत नाही आणि पट्टे नीट बसतात. दिराच्या पिकअपला केबिनवर लोखंडी सांगाडा आहे आणि मागच्या टोकाला तसाच उंच आडवा पाइप, बांबू आणि सुपारी काढायच्या शिड्या न्यायला केलेला. त्यावर होडी पालथी टाकली असती तर नाक केबिनवर, शेपूट मागच्या फाळक्याच्या आत, कुठेही काही बाहेर नाही. देवाने दिल्यासारखी सोय होती, मीही तेच म्हटलं.

“पालथी?” दीर असा दचकला, जशी काही मी त्याला तिरडी बांधायला सांगितली. “वहिनी, पयल्याच दिवशी होडी पालथी? आई मला घरात घेणार नाय.”

“अहो भाऊजी, ती पाण्यात पालथी व्हायची नाही, गाडीवर व्हायची आहे.”

“तुमाला नाय कळत. शेजारचे हसतील. पालथी होडी बघून कोण बसंल तिच्यात?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “असू दे गं, सुलटीच नेऊ. एवढं काय?” एवढं काय! मला वाटलं, डॉक्टरकडे डोळ्याऐवजी दुसरंच काहीतरी दाखवायला हवं होतं.

झालं. होडी सुलटी, मागच्या हौद्यात. नाक केबिनला टेकलं, फाळका पाडला, आणि शेपूट बाहेर, चांगलं पुरुषभर. पट्टे दिराने सीटखाली फेकले, “ह्या नाड्यांनी काय होतंय,” म्हणाला, आणि नारळाच्या गोणी बांधायची नायलॉनची दोरी काढली. दोन वेढे, एक गाठ. मग त्याने ते केलं, जे आपल्याकडचा प्रत्येक पुरुष माल बांधून झाल्यावर करतो. होडीवर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाला, “आता कुठं जात नाय!” मला खात्री आहे, त्या सळ्या बांधणाऱ्यानेसुद्धा अशाच दोन थापट्या मारल्या असणार. गाठ बघायची नाही, दोरी ओढून बघायची नाही, थापटलं की माल शहाण्या बाळासारखा झोपतो.

आणि लाल कापड? ते होडीच्या नाकाला. म्हणजे केबिनच्या मागे, जिथे ते देवाशिवाय कोणाला दिसणार नाही. कॉलनीचा वॉचमनसुद्धा न राहवून म्हणाला, “भैया, लाल कपड़ा पीछे बाँधो, आगे कौन देखेगा?”

दीर चिडला. “पूजेचा कपडा हाय तो! शेपटाला बांधू काय?”

वॉचमन हसला आणि म्हणाला, मग दुसरी कुठली चिंधी बांध, पोलीस सोडून देतात. घ्या! हा एक दुसरा शहाणा. म्हणजे पोलिसाला दिसावं म्हणून बांधायचं, मागून येणाऱ्याचं काय, हे ह्याच्याही डोक्यात नाही.

वर दीर ह्यांना म्हणतो, “दादा, तू मागं बस होडीवर. वजन राहील.” आणि हे निघाले चढायला! एक पाय चाकावर ठेवलासुद्धा. मी तेव्हा अशी ओरडले, की वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. मालाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही हा कायदा आहे, म्हटलं, आणि तो नसता तरी माझा नवरा गोण नाही. तुम्ही माझ्या मागे बसा. स्कूटरवर. गाडीच्या मागून येऊ आपण, बघू तुमच्या भावाने कसं बांधलंय ते. हे निमूट येऊन बसले. दिराने तोंड वाकडं केलं आणि गाडी काढली.

मी मुद्दाम लांब राहात होते. पण बोईसरकडचा रस्ता तुम्हाला लांब राहू देतो का? मागून कंपनीची बस हॉर्न मारते, बाजूने रिक्षा घुसतात, सरकत सरकत तुम्ही पुढच्याच्या मागे येऊन चिकटताच. त्या नारिंगी शेपटाचं टोक प्रत्येक खड्ड्यात वर जायचं आणि खाली यायचं. बरोब्बर स्कूटरवरच्या माणसाच्या तोंडासमोर. दोरी सैल पडत चालली होती, ते मला मागून दिसत होतं. एरवी मागे बसले की ह्यांची बडबड चालू असते, अमुक दुकान नवीन झालं, तमुक झाड तोडलं. त्या दिवशी अक्षर नाही.

पामच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. दिराने ब्रेक मारला.

मीही मारला. स्कूटर घसरत जाऊन थांबली. होडी दोरीतून निसटून मागे सरकली, आणि ते शेपूट माझ्या खांद्याच्या बाजूला येऊन थांबलं, बोटभर अंतरावर. डाव्या बाजूला. ह्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं. मी मान वळवून पाहिलं. ह्यांनी दुसरा हात उजव्या डोळ्यावर ठेवला होता. चांगल्या डोळ्यावर. सगळा पंजा. म्हणजे त्या क्षणी ह्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि तरी ह्यांना काय दिसत होतं, ते मला कळलं. मला भरून आलं, आणि राग तर इतका आला की त्या होडीला काडी लावावी.

दीर उतरून आला. होडीकडे बघितलं, म्हशीला शिवी दिली, आणि म्हणाला, “काय झालं नाय ना? दोरी जरा ढिली झाली.” पुन्हा बांधायला लागला. थापटायला हात उचललासुद्धा.

“उतरव,” हे म्हणाले.

“काय?”

“होडी उतरव. वर टाक. पालथी.”

“दादा, अरे आई...”

“पालथी टाक म्हटलं ना!” मी लग्न होऊन आल्यापासून ह्यांचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. दिराचा चेहरा पांढरा पडला. बाजूच्या टपरीवरची चार माणसं धावून आली, कोणाला काही सांगावं लागलं नाही. होडी उचलली, उलटी केली, सांगाड्यावर चढवली. सीटखालचे पट्टे ह्यांनी स्वतः काढले, दोन्हीकडून टाकले, ओढले, पुन्हा ओढले. नाकाला एक दोरी, शेपटाला एक. मग थापटलं नाही. दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. होडीबरोबर सगळी पिकअप हलली, तेव्हा सोडलं. फाळका लावला. आणि गाडीच्या मागे उभे राहून, डोळ्याच्या उंचीला हात धरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. हाताला काही लागलं नाही.

लाल कापड होडी उलटताना सुटून रस्त्यावर पडलं होतं. दिराने ते उचलून ह्यांच्याकडे पाहिलं. आता ते कुठेच बांधायची गरज नव्हती. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं. पालघरवरून केळव्याला येईपर्यंत तो बैलगाडीच्या वेगाने चालला होता, आणि मला पहिल्यांदाच त्याच्या मागून जाताना शिव्या सुचत नव्हत्या.

घरी सासूबाई ओवाळायला ताट घेऊन दारात उभ्या. शेजारच्या दोघी-तिघी होत्याच, असल्या वेळी त्या कुठून उगवतात देव जाणे. पिकअप अंगणात शिरली आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. “अरे, पालथी आणली? पयल्या दिवशी होडी पालथी? कोणाची अक्कल ही?” असं म्हणून त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. घरात काहीही पालथं पडलं की त्या माझ्याकडेच बघतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, चांगलं झणझणीत तयार होतं माझं.

पण हे स्कूटरवरून उतरले आणि आईसमोर जाऊन उभे राहिले. नशीब म्हणाले नाहीत.

“मी आणली पालथी,” म्हणाले. “कोणाच्या डोळ्यात नाय गेली, आई.”

सासूबाईंनी मान वर करून ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी होडी तशीच राहू दिली, आणि आधी ह्यांना ओवाळलं.