झाडाचं पाणी

देगलूरच्या रस्त्यावर तलाव आहे आणि तलावावर पंचशीला आहे. बोटीत बसायला आलेला माणूस तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पाण्यावर जात नाही. साहेब असो की सालगडी, केशरी जाकीट ती स्वतः चढवते, पट्टा ओढते आणि "श्वास घ्या" म्हणून आणखी एक हिसका देते. पोट सुटलेल्या पुरुषांना ते आवडत नाही, बायका साडी चुरगळते म्हणून कुरकुरतात. पंचशीला सगळ्यांचं ऐकून घेते, पण पट्टा ढिला करत नाही. नवरा गेल्यावर तिने हे काम धरलं, त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात बिनजाकिटाचा प्रवासी तिने बोटीत चढू दिलेला नाही.

इतकं जपणाऱ्या बाईच्या नशिबी बोट चालवणारा यावा, तर तो तिचाच सख्खा धाकटा भाऊ, आनंदराज.

ही नोकरी त्याला तिनेच लावून दिली होती. आनंदराज पूर्वी पक्का दारुडा. दोन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीला त्याने विहारात, सगळ्या वस्तीसमोर, दारू सोडल्याची शपथ घेतली. पंचशीला दुसऱ्याच दिवशी बोटींचे ठेकेदार अण्णारावांकडे गेली आणि म्हणाली, "माझा भाऊ दारूला शिवत न्हाई. हमी माझी." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी की पठ्ठ्याने शब्द पाळला. दारूच्या थेंबाला शिवला नाही. फक्त रोज शिंदी घ्यायचा.

आता शिंदी म्हणजे शिंदीच्या झाडाला टोचा मारून मडक्यात धरलेला रस. पहाटेचा गोड, दुपारचा आंबट आणि तिसऱ्या प्रहराचा विचारू नका. पण तेलंगणाच्या कडेच्या या गावांत तिला दारू म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. उन्हाळी लागली, शिंदी घ्या. मुतखडा झाला, शिंदी घ्या. "झाडाचं पाणी हाय" म्हटलं की विषय संपला.

आनंदराज पहाटे पाच लिटरचा कॅन भरून आणायचा आणि बोटीत इंजिनाशेजारी ठेवायचा. वरून ऊन, बाजूला तापलेलं इंजिन. रस तिथे बसून आपलं काम करत राहायचा आणि आनंदराज दोन फेऱ्यांच्या मधे एकेक ग्लास घ्यायचा. सकाळी तो अशी बोट न्यायचा की मांडीवरच्या लेकराची झोप मोडू नये. चारनंतर तीच बोट खुळ्यासारखी वळायची. तलावात बुडालेल्या बाभळींचे खुंट आहेत. पाणी उतरलं की ते बोटीखाली जेमतेम हातभर अंतरावर येतात.

पंचशीलेने आधी कानाडोळा केला. ऊन लागलं असेल, जागरण झालं असेल. मग वैशाखातल्या एका रविवारी बोट बाभळीवर आदळली आणि एका म्हाताऱ्या गुरुजींचं कपाळ फुटलं. तीन टाके पडले. आनंदराज म्हणाला, "ह्यो खुंट काल हितं न्हवता." तीस वर्षं पाण्यात उभं असलेलं झाड!

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना, तिने त्याला गाठलं. "आनंदा, कॅन घरी ठेवायचा. बोटीवर न्हाई."

"कामून? मी काय दारू पिऊन राहिलो का?"

"मग गुरुजींचं डोकं कशानं फुटलं?"

"खुंटानं," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "अक्का, शपथ दारूची घेतली, ती पाळून राहिलो. हे झाडाचं पाणी हाय. मला गोवर आला तवा आईनं हेच पाजलं. वाटी कोण धरली होती तोंडाला? तूच ना?"

खरं होतं ते. धरली होती वाटी. नऊ वर्षांची होती ती. दर पौर्णिमेला अख्खं घर हात जोडून पंचशील म्हणायचं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, तेही खणखणीत आवाजात. आणि मागे दाराच्या खुंटीला शिंदीचं मडकं टांगलेलं असायचं. ते कोणाला दिसलं नाही. तिलाही नाही. भावाचा राग यावा तर स्वतःचाच जास्त येत होता, आणि असा राग काढायला जागा नसते.

ती अण्णारावांकडे गेली. अण्णाराव ठसका लागेस्तोवर हसले. "शिंदी? अगं, जेवायच्या आधी मीबी घेतो. तिला कोण दारू म्हणतं? लोकं तोंडात शेण घालतील आपल्या." बंदोबस्ताच्या हवालदाराला सांगितलं, तर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "ताजी असती का?" पालथ्या घड्यावर पाणी. बाई बोलून बोलून दमली. कोणी ऐकून घेत नव्हतं असं नाही. सगळे ऐकत होते आणि हसत होते. तिचं डोकं उठायचं ते त्यानेच.

पुढच्या रविवारी साडेचारची फेरी भरली. उदगीरहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं आणि त्यांच्याशेजारी बसलेली, आजोबांबरोबर तलावावर आलेली अण्णारावांची सात वर्षांची नात, रेणुका. सगळ्यांना जाकिटं चढली. आता उरली लाल दोरी. ही दोरी इंजिनाला लावून दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवतात. तो पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. दोरीवाचून इंजिन सुरूही होत नाही. ती पंचशीलेकडे असायची आणि दर फेरीला ती भावाच्या हातात द्यायची. आज तिने मूठ उघडली नाही.

"दे ना दोरी," अण्णाराव काठावरून म्हणाले. "माणसं खोळंबली."

"देणार न्हाई. त्याच्याकडं बघा जरा."

आनंदराज बोटीची गाठ सोडत होता. एकदा चुकली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्याने सुटलेलं टोकच पुन्हा बांधलं आणि स्वतःशीच हसला.

अण्णारावांनी पाहिलं. नीट पाहिलं. मग फळीवरून पुढे झाले आणि नातीला उचलून काठावर घेतलं. "बाळा, तू आज नको. ऊन लई हाय." ऊन केव्हाच कललं होतं. मग ते पंचशीलेकडे वळले. "हं. दे दोरी. बाकीच्यांला जाऊ दे."

इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. पण अण्णारावांशी ती एक शब्द बोलली नाही. बोटीकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मालकानं सोताच्या नातीला उतरवून घेतलं. तुमचं तुम्ही बघा."

आधी तान्हं घेतलेली बाई उठली. मग तिची सासू. पाच मिनिटांत बोट रिकामी झाली आणि काठावर जाकिटांचा ढीग पडला. अण्णाराव म्हणाले, "उद्यापासून तोंड दाखवू नका. दोघंबी." नातीचा हात धरून ते गाडीकडे निघाले.

आनंदराजचं त्यांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तो गाडीत बसणाऱ्या पोरीकडे बघत होता.

"अक्का, मालक तर म्हणले होते, शिंदीला कोण दारू म्हणतं."

"म्हणले होते."

"मग पोरीला कामून उतरवलं?"

त्याने कॅन उचलला, झाकण काढलं आणि पहिल्यांदाच हुंगावं तसं हुंगून पाहिलं. मग लहान आवाजात त्याने विचारलं, "म्हंजे शपथ मोडली का माझी? दोन वर्सं?"

"तुझ्या एकट्याची न्हाई मोडली," ती म्हणाली आणि बोटीत उतरली.

त्याला धड उभं राहता येत नव्हतं आणि काठाची फळी अरुंद होती. तिने ढिगातलं एक जाकीट उचलून त्याच्या अंगात चढवलं, पट्टा ओढला, "श्वास घे" म्हणाली आणि त्याचा दंड धरून त्याला काठावर आणलं.