मंडपात मरायचं नाही

आमच्या गावात एखादी सून माहेरी जाऊन महिनाभर परतली नाही, की बाया म्हणायच्या, "गेली व, पिक्चरमधल्या मायसारखी." बाहेरगावच्या माणसाला यातलं ओ की ठो कळायचं नाही. ते कळायला आधी खुशालकाका माहीत असायला हवा.

खुशालकाका हा आमच्या भागातला व्हिडिओवाला. कोहमाऱ्याच्या आसपासच्या गावांत लग्न असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, बैलबंडीत टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर टाकून हा हजर. बाकीच्या कॅसेटी तो गोंदियाहून भाड्यानं आणायचा, पण एक कॅसेट त्याची स्वतःची होती. गाण्यांनी भरलेला घरगुती हिंदी सिनेमा. नाव त्याला काहीतरी लांबलचक होतं, आम्ही म्हणायचो 'पाच पोट्ट्यांचा पिक्चर'. ही पाच भावंडं बंडीत बसून गातात, नदीत उड्या मारताना गातात, ताटं वाजवत जेवायला बसतात तेव्हाही गातातच. माझी मोठी बहीण रीनाताई त्या सिनेमासाठी जीव टाकायची. लग्न कुणाचंही असो, खुशालकाकाची बंडी वेशीत दिसली की ही आधी धावत जाऊन विचारायची, "काका, आपला आणला का?"

आता खुशालकाकाचा एक नेम होता. मंडपात मरण दाखवायचं नाही. समोर नवरा-नवरी बसलेली, अंगावरची हळद निघाली नाही, आणि पडद्यावर कुणी घरातलं माणूस प्राण सोडतंय, हे ना त्याला चालायचं ना गावाला. मारामारीत गुंड कितीही मरोत, त्याला हरकत नव्हती. पण घरातलं माणूस खाटेला खिळलं, की काकाचा अंगठा बटणावर जायचा आणि कॅसेट पुढे पळायची. पाच पोट्ट्यांच्या सिनेमात पोरांची आई मध्येच आजारी पडते. ती खाटेवर बसून दोनदा खोकली, की पडद्यावर नुसत्या रेघा, आणि रेघा थांबल्या की पोरं नदीकाठी उभी. आई गायब! पहिल्याच वेळी कुणीतरी विचारलं, "माय कुठी गेली, खुशाल?" काकानं जनरेटरमध्ये तेल ओतता ओतता सांगून टाकलं, "माहेरी गेली." झालं. गावाच्या लेखी ती माहेरी गेली ती गेलीच.

पण घोळ पुढेच होता. सिनेमात पोरांना गाणं शिकवायला एक बाई येते, आणि पोरांचा बाप तिच्याशी लग्न करतो. शेवटी तर पहिल्या आईची अंगाई हीच पोरांना म्हणून दाखवते. म्हणजे आमच्या गावाच्या हिशेबानं पहिली बायको माहेरी बसलेली आणि इकडे नवऱ्यानं दुसरी घरात घातलेली. बायांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. सगळ्यांत पुढे आमची रुक्माआत्या, वडिलांची मोठी बहीण. "पाहा व सटवीले! नवरा घेतला, पोट्टे घेतले, आता गाणंही चोरलं!" तिच्या शिव्या ऐकायला शेजारच्या गावाची माणसं यायची. आणि आत्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली रीनाताई तिच्यामागून त्याच शिव्या घोकायची. शाळेतली कविता कधी इतकी पाठ नसेल.

मग अठ्ठ्याण्णव साली आमची आई गेली. वर्षभरानं, नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, वडिलांनी, म्हणजे देवीदासनं, दुसरं लग्न केलं. तिरोड्याकडची सुमित्राबाई. वय अठ्ठावीस, बापाचं आजारपण काढता काढता लग्नाचं राहून गेलेली. सकाळी विहारात त्रिसरण-पंचशील झालं आणि संध्याकाळी घरासमोर छोटा मंडप. पोरं रुसून बसली आहेत हे पाहून वडील खुशालकाकाला म्हणाले, "पोट्ट्यांच्या आवडीचा पिक्चर लाव." आमच्या बापाचं कोहमाऱ्याच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान. ट्यूबमधलं छिद्र त्याला पाण्याशिवाय सापडायचं, पण सिनेमातलं काही म्हणजे काही कळायचं नाही.

नवी नवरी सतरंजीवर बसून सिनेमा पाहत होती. काकाच्या अंगठ्यानं आपलं काम केलं, आई माहेरी गेली, दुसरी घरात आली आणि रुक्माआत्यानं सवयीनं तोंड उघडलं. "पाहा व सटवीले..." कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं. आत्यानं नवरीकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. पण रीनाताई दहा वर्षांची, तिला कोण ढोसणार? तिनं उभं राहून राहिलेल्या सगळ्या शिव्या मोठ्यानं म्हणून टाकल्या. वडिलांची मान खाली. सुमित्राबाई तेवढी शांतपणे म्हणाली, "गाणे मस्त हायेत पण." मी तेव्हा सात वर्षांचा होतो, आणि हे वाक्य ऐकून मला ती आवडली, ते आजतागायत.

मी तिला आठवड्याभरात आई म्हणायला लागलो. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, ती आलूबोंडे फार छान करायची. वडिलांच्या दुकानाला लागून तिनं चहा-आलूबोंड्याचा ठेला टाकला आणि बघता बघता पंक्चर नसलेले ट्रकही तिथं थांबायला लागले. रायपूरचे ड्रायव्हर तिला दीदी म्हणायचे, नागपूरचे ताई, आणि उधारी मागणाऱ्या सगळ्यांना ती एकाच भाषेत हाकलायची. चौदा एप्रिलला ती भीमगीतं म्हणायची तेव्हा मिरवणूक थांबवून लोक ऐकायचे. रीनाताई तिला मावशी म्हणायची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, दोघी एका ताटात पोहे खायच्या. फक्त एकदा तांदूळ निवडताना आई ती सिनेमातली अंगाई गुणगुणायला लागली आणि ताई म्हणाली, "मावशी, ते नको म्हणू." ती थांबली, आणि आमच्या घरात तिनं ते गाणं पुन्हा म्हटलं नाही.

मी दहावीत असताना एकदा ठेल्यावर आलू सोलता सोलता मला तो जुना सिनेमा आठवला आणि मी हसत म्हणालो, "ती पहिली बाई काय गेली व आई माहेरी, आलीच नाही." तिनं सुरी खाली ठेवली. "ती मेली, बाबू," म्हणाली. तिरोड्याच्या टॉकीजमध्ये तिनं लहानपणी बापाबरोबर तो सिनेमा पाहिला होता, अख्खा. काका जो भाग पळवायचा त्यात आई मरते. मरण्याआधी ती त्या गाणं शिकवणाऱ्या बाईला जवळ बसवते, आपली अंगाई तिला एकेक ओळ शिकवते आणि म्हणते, माझ्यामागं पोरांना हे म्हणून झोपवत जा. म्हणजे चोरलं कुठं होतं? पहिलीनं आपल्या हातानं दिलं होतं!

मी उठलोच. म्हटलं, आत्ता जाऊन ताईला सांगतो. आईनं माझा कान पकडला.

"खाली बस. लग्नाच्या दिवशी मी काय सांगू का, की पहिली मेली म्हणून? मंडपात? नव्या नवरीनं? बाया म्हणल्या असत्या, पाहा, सवतीचं मरण काढून राहिली."

"मंग आता सांग."

"आता सांगितलं तर सफाई देल्यासारखी होते. अन् पोरीची माय खरोखरची मेली. तिच्यासमोर मरणाची गोष्ट मी कायले काढू?" मग आलू हातात घेऊन म्हणाली, "माही एकच इच्छा हाये. रीनानं तो पिक्चर एकदा पुरा पाहावा. पण माह्या हातानं नाही, अन् तुह्याही नाही."

शपथ घातली. मी पाळली, पण चडफडत. तोवर खुशालकाकाचा व्हीसीआर भंगारात गेला होता आणि कॅसेटीला बुरशी लागली होती. इच्छा पुरी व्हायची काही सोय दिसत नव्हती.

दोन हजार बारा साली रीनाताईचं लग्न ठरलं. ती नर्सिंग करून गोंदियातच नोकरीला लागली होती, फुलचूरला खोली करून राहायची. मुलगा तिरोड्याचा, पॉवर प्लांटमध्ये कामाला. हळदीच्या दिवशी ती घरी आली ती एक सीडी घेऊन. खुशालकाका आता डीजेवाला झाला होता, प्रोजेक्टरही त्याच्याकडे होता. ताईनं सीडी त्याच्या हातात ठेवली. "काका, संध्याकाळी हाच लावा. आपला."

घरात एकच आनंद. वऱ्हाडासाठी आलेल्या बाया गाणी आठवायला लागल्या. आईच्या हातातला झारा तेवढा कढईवर तसाच थांबला. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

अंधार पडला, मंडपाच्या बांबूंना पांढरी चादर बांधली. रुक्माआत्या पहिल्या रांगेत. बसल्या बसल्या तिनं हुकूम सोडला, "खुशाल, तेवढा आजारपणाचा भाग पुढं पळवजो. मंडप हाये."

वडील म्हणाले, "अक्का, आपण बौद्ध लोक. शुभ-अशुभ मानत नाही."

"मानत नाही म्हणून का मंडपात माणसं मारतो का?" आत्या म्हणाली. वडील खुर्च्या मोजायला निघून गेले.

आणि मग आई बोलली. जिनं तेरा वर्षं या एका गोष्टीची वाट पाहिली, तीच म्हणाली, "पळवा, भाऊजी. पोरीची हळद हाये. तिच्या डोळ्यात आज पाणी नको." मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! चांगुलपणालाही काही मर्यादा असते की नाही? शपथ गेली उडत, असं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात हळदीनं माखलेली ताई पाटावरून उठली.

"पळवायचं नाही," ती म्हणाली.

"अव बाई, पण मंडपात..." खुशालकाका चाचरला.

"माह्या मंडपात मरू द्या तिले, काका. लई वर्ष झाले, माहेरी बसून राहिली बिचारी."

बाया हसल्या. मग त्यातल्या दोघी-तिघींना काहीतरी उमगलं असावं, कारण हसणं मध्येच तुटलं. काकानं आयुष्यात पहिल्यांदा हात मांडीवर ठेवून सिनेमा लावला.

खरं सांगायचं तर सिनेमा लहानपणी वाटायचा तेवढा भारी नव्हता. जी नदी आम्हाला वैनगंगेएवढी वाटायची ती साधी टाकी होती. थोरला मुलगा चांगला दाढीमिशीचा, अर्ध्या चड्डीत कोंबलेला. बापाची टोपी दर दोन मिनिटांनी रंग बदलत होती. आम्ही खो खो हसलो, आणि गाणी लागली की सगळे तोंडानं म्हणत होते, खुशालकाकासुद्धा. गाणी मात्र अजून तशीच गोड होती. मी इतका खूश होतो की पुढं काय येणार आहे ते थोडा वेळ विसरूनच गेलो.

मग ती खाटेवर बसून खोकली. दोनदा. रेघा आल्या नाहीत. तिनं त्या गाणाऱ्या बाईला हाक मारली, जवळ बसवलं आणि एकेक ओळ शिकवली. चुकली तर थांबवून पुन्हा म्हणायला लावली. पोरं दाराआडून ऐकत होती. आणि अंगाई पुरी झाली तेव्हा ती नव्हती. कितीतरी जणींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. मी रडलो, विसाव्या वर्षी, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

पुढं दुसरी नवरी होऊन घरात आली तेव्हा सवयीनं सगळ्यांच्या माना रुक्माआत्याकडे वळल्या. आत्यानं पुन्हा पदर तोंडात कोंबला होता. पार शेवटी, दिवे लागल्यावर, ती आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "इतके वर्ष शिव्या खाल्ल्या बाईनं, अन् एक शब्द नाही बोलली."

"पडद्यावरच्या बाईले कुठं ऐकू येते, बाई," आई म्हणाली.

"मी तुही गोष्ट करून राहिली," आत्या म्हणाली, आणि नाक पुसत उठून गेली.

ताई आईच्या पाठीशी उभी होती. आईनं मागं न पाहताच विचारलं, "तुले कवा कळलं?"

"नर्सिंगले होती तवा. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर पाहिला. तुले ठाऊक होतं, मावशी, हेही तवाच समजलं. तांदूळ निवडताना तू म्हणलेल्या ओळी त्या पळवलेल्या भागातच होत्या."

"मंग तवाच बोलली काऊन नाही? मी इथं..."

"तुले एकटीले सांगून काय झालं असतं? तू म्हणली असती, जाऊ दे व." ताई तिच्यासमोर येऊन खाली बसली. "तुह्या मंडपात कोणी तिले मरू देलं नाही, अन् तिच्या वाटच्या शिव्या तू खाल्ल्या, साऱ्या गावासमोर. मीच देल्या. मंग त्या परत घ्याच्या त बी साऱ्या गावासमोरच घ्याव लागते ना?"

आईनं तिला जवळ ओढलं, तशी ताईची हळद तिच्या पातळाला लागली. आई ओक्साबोक्शी रडली. मी तिला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.