नॅक्सोसला निघताना पातूर

बोंडअळीनं वऱ्हाडातली कपाशी खाल्ली, त्याच वर्षी आम्ही नवराबायको ग्रीसला जाऊन आलो. हे वाक्य नातेवाइकांत बोलायची अजून सोय नाही, म्हणून इथे लिहिते. अमरावतीच्या राजापेठेत वर्षानुवर्षं शिकवण्या घेऊन मी कंटाळले होते. ‘मॅडम, पोर्शन कधी संपेल?’ असं कुणी विचारणार नाही, असं ठिकाण मला हवं होतं. बेट मी निवडलं, नॅक्सोस. ऑक्टोबरात तिथे ऊन असतं आणि गर्दी ओसरलेली असते.

व्हिसा आला, तिकिटं झाली आणि माझ्या सासरगावाहून, पातूरहून फोन आला. मोठ्या बाबांनी अंथरूण धरलं होतं. मोठे बाबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विनोदचे थोरले काका. विनोदचे वडील लवकर गेले, तेव्हापासून यांनीच त्याला वाढवलं. त्यांचं काही झालं तर दहा दिवसांचं सुतक, म्हणजे प्रवास बंद. त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. आपण तिकडे असताना ते गेले तर? विनोद रात्रंदिवस तेच बोलत होता आणि मी चिडत होते, कारण माझ्याही मनात तेच होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात पातूर गाठलं. अमरावतीहून गाडीनं जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. मूर्तिजापूरला चहा घ्या, कारण अकोल्यात शिरलात की ट्रक आणि धूळ पाठ सोडत नाहीत. दोन्ही बाजूंनी कपाशी हिरवीगार दिसत होती. विनोदनं गाडी थांबवून एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी होती. ते बोंड तसंच डॅशबोर्डवर ठेवून त्यानं गाडी सुरू केली.

मोठ्या बाबांच्या उशाशी सलीमचाचा बसले होते. त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि दोघांची दोस्ती तरुणपणापासूनची. गावातल्या निम्म्या विहिरींवर दोघांनी मिळून पंप बसवले. मोठ्या बाबांचा मुलगा, विनोदचा चुलतभाऊ गजानन दाराशी उभा होता.

“या सालात फिराले चालले,” तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

मोठ्या बाबांनी डोळे उघडले. “कुठी जाऊन राह्यले?”

“ग्रीसले, बाबा. पण मी रद्द करतो,” विनोद म्हणाला.

“काहून? मी मराची वाट पाहून राह्यला काय घरी बसून?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, याले घेऊन जा. यानं समुद्र नाई पाह्यला अजून.”

सलीमचाचा हसले. “जाव बेटा. हम हैं ना इधर.”

गेलो. नागपूर, मुंबई, अथेन्स. अथेन्सपासून पुढे विमानाच्या भानगडीत पडू नका, पिरेयस बंदरावरून बोट घ्या. वेळ लागतो, पण डेकवर बसून बेटं मोजत जाता येतं. नॅक्सोसला शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. टोमॅटो-काकडीवर पांढऱ्या चीजची जाड वडी ठेवून देतात आणि बटाटे तर तिथले नावाजलेले आहेत. गावातली बस अगदी वाळूपर्यंत सोडते. पहिल्या दिवशी विनोद गुडघाभर पाण्यात उभा राहून पोरासारखा ओरडला. तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. गजाननचं उत्तर आलं, “बाबाले दाखोला. खुश झाले.”

तिसऱ्या दिवसापासून फोनवर बाबा मिळेनात.

“झोपले हायेत,” गजानन म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “आताच डोया लागला.”

विनोदचं जेवण सुटलं. समोर निळंशार पाणी आणि हा माणूस फोनकडे बघत बसलेला. “तिकीट बदल,” तो म्हणाला. मी म्हटलं, गजाननभाऊ खोटं कशाला बोलतील? आम्ही भांडलो, अगदी वाळूत, लोकांसमोर. मग बाकीचे दिवस मी एकटीच किल्ला चढले, एकटीच गल्ल्या हिंडले. सगळं सुंदर होतं, आणि मला काहीही आवडलं नाही.

परतल्यावर अमरावतीला न थांबता थेट पातूर गाठलं. दारात गजानन आला. डोकं भादरलेलं. विनोद पायरीवरच बसला.

“बाबानंच सांगून ठेवलं होतं,” गजानन म्हणाला. “मी गेलो तं त्याले कळवू नका म्हणे. पोरगा अर्ध्या वाटेतून कसा येईन?”

“माझा खांदा राहिला,” विनोद एवढंच म्हणाला. मग ओरडून, “तुम्ही मला सांगायचं तरी!”

आतून गजाननची आई, आमच्या मोठ्या आई आल्या. त्यांचं कपाळ रिकामं होतं. “राह्यला नाई,” त्या म्हणाल्या. “पुढं मडकं घेऊन गजानन व्हता. तिरडीले तुया जागेवर सलीम उभा राह्यला. घरून मसणवटीलोग त्यानं कोणालेच खांदा बदलू देला नाई. म्हणे, ही जागा विनोदची हाय, मी धरून ठेवली हाय.”

सुतकाची आंघोळ बाकी होती, तरी विनोद तसाच उठला आणि चाचांच्या दुकानाकडे चालू लागला. मी मागोमाग गेले. चाचा पंप उघडून बसले होते. विनोदला पाहून उठले, ऑइलचे हात पुसायला फडकं शोधू लागले. विनोदनं ते शोधू दिलं नाही. त्यानं चाचांच्या उजव्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि बातमी कळल्यापासून पहिल्यांदा रडला.