नदीकडची भिंत

गोदाकाठच्या त्या धर्मशाळेत धूळ आणि बयाबाई एकत्र नांदल्या नाहीत. नवरा गेल्यावर ट्रस्टींनी तिला जिन्याखालची खोली दिली आणि झाडलोट सांगितली. त्या खोलीशिवाय तिला जगात दुसरं छप्पर नव्हतं, म्हणून तिने झाडलोट संसारासारखी केली. फरशीवर कुणी थुंकला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बाई भांडकुदळ होती, खोटं कशाला बोला. पण तिला नावं ठेवणारेही तिने पुसलेल्या फरशीवर ताट मांडून जेवत.

धर्मशाळा जुनी, काळ्या दगडाची आणि चुन्याची. एकोणसत्तरच्या पुरात पाण्यात उभी राहिली, तेव्हापासून तिच्या नदीकडच्या भिंतीतला चुना आतल्या आत झिजत चालला होता. सिंहस्थ तोंडावर आला तेव्हा कुठे ट्रस्टींना जाग आली आणि त्यांनी पुंजा गवंड्याला बोलावलं.

पुंजा हाताचा पक्का आणि तोंडाचा कंजूष. त्याने भिंतीला लाकडी टेकू दिले, पायातले सुटलेले दगड बदलले, आणि मोठ्या भेगांवर बोटभर रुंदीच्या काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. जुनी रीत आहे ती. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. पाऊस सरेपर्यंत काच धड राहिली तर भिंत ठरली म्हणायचं आणि टेकू काढायचे. हे पुंजाला ठाऊक होतं, त्याच्या भावकीतल्या चंदर बिगाऱ्याला ठाऊक होतं. बयाबाईला सांगावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. झाडणाऱ्या बाईला काय करायचंय? भेगांतून ओल येऊ नये म्हणून काचा लावल्या असतील, असं ती आपली समजली.

भादव्यात पुंजाचा चुलता वारला. सुतकात भावकीतलं कुणी थापीला हात लावत नसे. पुंजा आणि चंदर दोघंही काम टाकून गावी गेले.

गोदावरी दुथडी भरून वाहत होती. एका सकाळी बयाबाई केरसुणी घेऊन भिंतीकडे गेली तर मधली काच उभी चिरलेली. तिने कपाळावर हात मारला. फुटकी काच घरात ठेवणं म्हणजे अवदसेला आवतण. त्यात यात्रेकरू अनवाणी फिरणारे. कबुतरांनीच फोडली असणार म्हणून त्यांना शिव्या देत तिने तुकडे सोडवले, तसबिरी मढवणाऱ्या भिकनकडून तेवढीच पट्टी कापून आणली, पुंजाच्या डब्यातलं सिमेंट कालवलं आणि ती जागच्या जागी बसवली. गवंड्यापेक्षा सरळ बसली म्हणून मनोमन खूशही झाली. काही दिवसांत तीही तडकली. मग वरची. बयाबाईने दोन्ही बदलल्या, ओल्या फडक्याने पुसल्या. भिंतीच्या पायाशी आता रोज चिमूटभर पांढरी भुकटी पडलेली असे आणि जवळ गेलं की आतून कुजकट गार वास येई. भिंत आपल्या परीने ओरडत होती. बाई रोज तिचं तोंड पुसत होती आणि भुकटी सुपलीत भरून नदीत टाकत होती.

सुतक फिटलं. घट बसायच्या आत खोल्या उघडा, असा ट्रस्टींचा धोशा होता. पुंजा आला, प्रत्येक काचेवरून बोट फिरवलं आणि चंदरला टेकू काढायला आत धाडलं. बयाबाईने चहा आणला. गडी कधी नव्हे तो खुशीत दिसला, म्हणून तिने सहज विचारलं.

"पुंजाभाऊ, या काचा कशापायी लावल्या?"

"भिंत हलली का फुटत्यात त्या. एक बी फुटली नाय, अक्का. भिंत ठरली."

आत टेकूवर घणाचा पहिला घाव पडला. बयाबाईला सगळं एकदम कळलं, आणि त्याच्याच पाठोपाठ हेही मनात आलं की आता बोललं तर खोली जाईल. दुसरा घाव पडला. मग ती बोलली.

"फुटल्या व्हत्या. म्या बदलल्या."

पुंजा पेला टाकून आत धावला. चंदरला त्याने दंडाला धरून बाहेर भिरकावला. पण स्वतःला बाहेर पडायला त्याला सवड मिळाली नाही. भिंत आधी आत फुगली आणि मग सगळीच्या सगळी खाली बसली.

भिंत जुनीच होती, असं ट्रस्टी म्हणाले. लोकही तेच म्हणाले. बयाबाईला कुणी काही विचारलं नाही. तिचं बोलणं ऐकलेला एकच माणूस होता आणि तो दगडांखाली गेला होता. गप्प राहिली असती तर जन्मभर कुणाला कळलं नसतं.

तिला ते सोसवेना. दहाव्याला ती पुंजाच्या गावी गेली आणि त्याची बायको कुसाबाई हिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. शिव्या खायच्या, मार खायचा, अशा तयारीनेच ती आली होती. कुसाबाईने एवढंच विचारलं.

"काचांचं त्यांनी तुला सांगितलं नव्हतं?"

"नाय."

"मला बी कदी काय सांगत नव्हते," कुसाबाई म्हणाली. आणि इतके दिवस कुणासमोर न आलेलं रडं दोघींना एकदमच आलं.