प्रज्ञाचे बूट आणि बापूरावांची पिकअप

आमच्या घरात माणसं तीन राहतात आणि वास एक.

माणसं म्हणजे मी, प्रज्ञाचे बाबा आणि प्रज्ञा. वास प्रज्ञाच्या बुटांचा. आमची पोरगी भिंत चढते. (खेळ म्हणून चढते, गैरसमज नको.) संभाजीनगरला चांगली दोन-तीन मजली उंच भिंत उभी केलेली आहे, तिच्यावर रंगीत खुंट्या ठोकल्यात, आणि ही दर रविवारी जालन्याहून बसने जाऊन त्या खुंट्या धरून पालीसारखी वर सरकते. ह्या खेळाचे बूट वेगळेच असतात. रबराचा तळ, बोटं मुडपतील इतके घट्ट, आणि घालायचे मोज्यांशिवाय! आता तुम्हीच सांगा, दिवसभर घामेजलेला उघडा पाय आणि वरून रबर. जालन्यात मस्तगडला आमच्या गल्लीत नवा माणूस आला तर त्याला आमचं घर विचारावं लागत नाही.

मी तेही सहन केलं होतं. पण निवड चाचणीच्या आठवडाभर आधी प्रज्ञा तोंड पाडून घरी आली आणि म्हणाली, "आई, मी चाचणीला जाणार न्हाई."

मागच्या वर्षी तिची राज्याच्या संघातली जागा शेवटच्या खुंटीवर हात सुटल्यामुळे गेली होती. तेव्हापासून ही पोरगी दाराच्या चौकटीला लोंबकळून बोटं बळकट करत होती (चौकट हलायला लागली, पण आम्ही काही बोललो नाही). आणि आता जायचंच नाही? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिची पिशवी दिसली की बाकीच्या मुली आपापल्या पिशव्या उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जातात. एकीने तर ओढणी नाकाला लावली. वास गेला तर जाईन, नाहीतर नाही, असं ती म्हणाली. एकदा म्हणाली म्हणजे संपलं, हट्टीपणा बापाचा घेतलाय. नवे बूट आणावेत तर जालन्यात मिळत नाहीत, आणि दुसरीचे मागून घ्यावेत तर इतके घट्ट बूट ज्याच्या त्याच्या पायालाच बसतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वास म्हणजे काय, जंतूच ना? मी पदर खोचला.

पहिल्या दिवशी बुटांत खायचा सोडा भरून ठेवला. सोडा वास ओढून घेतो. सकाळी बूट रिकामे झालेले दिसले, वास मात्र होता तिथंच. संध्याकाळी भजी केली, मस्त फुगली, सगळ्यांनी खाल्ली. नंतर कळलं की सोडा वाया जाऊ नये म्हणून बुटांतला परत डब्यात ओतला गेला होता. कोणी ओतला ते मी सांगणार नाही, पण त्या दिवसापासून मी ह्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही.

मग मोसंबीची सालं. माझा धाकटा भाऊ सुभाष तीर्थपुरीला असतो, त्याची मोसंबीची बाग आहे, त्यामुळे सालींना आमच्याकडे तोटा नाही. बुटांत ठासून भरली. वासाचं काय झालं ते बघायला जवळ जाता येईना, कारण दुसऱ्या दिवशी बुटांत गल्लीतल्या यच्चयावत मुंग्या मुक्कामाला आल्या होत्या. धुवावेत तर बूट आखडतील म्हणून प्रज्ञा धुवू देईना. उन्हात ठेवले तर तळ सुटेल म्हणून उन्हातही ठेवू देईना. चाचणी दोन दिवसांवर आली आणि मला रात्री झोप लागेनाशी झाली.

त्यात सुभाष आला. बापूराव नावाच्या एकाची पिकअप भाड्याने घेऊन तो माल घेऊन भोकरदनला चालला होता. माझी रडकथा ऐकून तो हसला. बूट गाडीमागं बांधू, जाऊन येईस्तोवर वाऱ्यानं वास बिलकुल उडून जाईल, असं त्याचं म्हणणं. मला पटलं! हवा खेळती राहिली की ओल राहत नाही, हे मीच मुलांना शिकवते. सुतळीने जोडी गाडीच्या मागच्या फळीला लटकवली आणि गाडी गेली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. सुतळी तुटली तर? एखादा बूट पडला तर? मी इतके फोन केले की शेवटी सुभाष म्हणाला, "ताई, बूट बराबर हायत. मी ड्रायव्हरकडं न्हाई, बुटाकडं बघून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, सुभाष परत आला. बसने आला. मोसंबीला भाव चांगला मिळाला म्हणून खुशीत होता, हातात पेढ्यांचा पुडा होता. बूट नव्हते. माल उतरल्यावर बापूरावांना पुढचं भाडं लागलं, ते गाडी घेऊन गेले, आणि हा शहाणा पेढे घ्यायला गेल्ता! प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून झोपली. ते मला फार लागलं.

मी बापूरावांना फोन लावला. माणूस गोड बोलत होता, पण बूट द्यायला तयार नव्हता. महिनाभर त्यांची गाडी पंक्चरवर पंक्चर होत होती, भाडी मिळत नव्हती. बूट लटकवल्यापासून सगळं सुरळीत झालं. लोक गाडीला नजर लागू नये म्हणून चप्पल बांधतात हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. मी त्यांना विज्ञान सांगायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय ताई," ते म्हणाले. "पण चपला मी लै बांधून पाह्यल्या. ह्या बुटाला जो वास हाय ना, त्यानं नजर जवळच येत न्हाई."

म्हणजे वास गेलाच नव्हता! पण आता मला त्याचं काही नव्हतं, मला बूट हवे होते. लेकरू चाचणीला जाणार आहे, एवढंच मी म्हणाले. मग ते विरघळले. सकाळी बदनापूरला थांबतो म्हणाले, पण बदल्यात तसलंच काहीतरी दमदार आणा.

आम्ही ह्यांचे दहा वर्षं जुने बूट घेतले आणि तिघं पहाटेच्या बसने बदनापूरला उतरलो. कडाक्याची थंडी. प्रज्ञा सारखी घड्याळ बघत होती. बापूरावांनी ह्यांचा बूट नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"साहेब, ह्याला तर काहीच वास न्हाई."

हे चक्क खूश झाले! तिकडे पोरीची चाचणी हातची चालली होती आणि हा माणूस हसत होता. माझं डोकंच फिरलं. मी पायातल्या माझ्या शाळेच्या काळ्या सँडल काढल्या आणि बापूरावांपुढे ठेवल्या. म्हटलं, घ्यायच्या तर ह्या घ्या, नाहीतर आत्ताच्या आत्ता बूट सोडा.

बापूराव सँडल उचलायला वाकले, अर्ध्यातूनच मागे सरले, जल्दी जल्दी सुतळी कापून बूट प्रज्ञाच्या हातात दिले आणि त्यांच्या जागी माझ्या सँडल बांधल्या. माझ्या आवाजात शाळेची जरब आहे, ती अशा वेळी कामाला येते. वर त्यांनी आम्हाला संभाजीनगरपर्यंत सोडलंही. हे मागे हौद्यात, मी आणि प्रज्ञा पुढे. एवढ्या थंडीत बापूरावांनी दोन्ही खिडक्या उघड्या का ठेवल्या होत्या, कोण जाणे.

चाचणीच्या ठिकाणी मी अनवाणीच पोचले. "वास राहू दे," मी प्रज्ञाला म्हणाले, "तू चढ." तिने एकदा माझ्या पायांकडे बघितलं, बूट चढवले आणि गेली. मी पालकांच्या बाकावर दोन बायकांच्या मधे जाऊन बसले. ती अर्ध्यावर गेली, अडकली, एक पाय हवेत. मग तिने झेप घेतली आणि शेवटची खुंटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. राज्याच्या संघात निवड! मी रडत होते, हसत होते, टाळ्या वाजवत होते, वाटलं शेजारणींना मिठी मारावी.

प्रज्ञा तेव्हा भिंतीच्या अगदी टोकाला होती, बूट तिच्या पायात होते, आणि खाली माझ्या दोन्ही बाजूच्या बायका ओढण्या नाकाला लावून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या.