ड्रोहेडाचं पार्किंग मंडळ

पोरं वयात आली की घरात दोन गोष्टी आपोआप साठतात: जोडी हरवलेले मोजे आणि दुसऱ्यांच्या पोरांचे किस्से. मोजे आमच्याकडे ड्रॉवरमध्ये पडून असतात. किस्से मात्र दर शनिवारी पाच वाजता पार्किंगमध्ये बाहेर निघतात!

आयर्लंडमधल्या आमच्या ड्रोहेडा गावाबाहेर एक मोठी नर्सरी आहे. झाडंबिडं विकतात, आत कॅफे आहे. आमच्या मराठी ग्रुपमधल्या तीन घरची पोरं शनिवारी त्या कॅफेत पार्ट-टाइम काम करतात. शिफ्ट साडेपाचला सुटते. आयरिश आईबाप पाच एकोणतीसला येतात आणि गाडीत बसून राहतात. आम्ही पाचलाच हजर, गाडीबाहेर, बॉनेटवर थर्मास मांडून. ब्रीड नावाच्या मॅनेजरबाईला पहिल्या दिवशी वाटलं, मोर्चाच आलाय.

*

पहिला मान कुलकर्ण्यांचा. त्यांचा अथर्व सोळाचा झाला आणि म्हणाला, कॅफेत काम करणार.

"आमच्या घराण्यात कुणी कपबश्या विसळल्या नाहीत!" कुलकर्णी गरजले. त्या वेळी ते सिंकपाशी कपबश्याच विसळत होते.

पण इंटरव्ह्यू म्हटल्यावर त्यांच्यातला पुणेकर जागा झाला. पोराला ब्लेझर चढवला. अबॅकसपासून गीतापठणापर्यंत सगळी सर्टिफिकेटं लॅमिनेट करून फाइलला लावली. आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले!

ब्रीडनं विचारलं, तीन प्लेट्स एकदम उचलता येतील का? अथर्वनं तोंड उघडायच्या आत कुलकर्णी म्हणाले, "ही इज अ व्हेरी क्विक लर्नर." वीकेंडला जमेल का? "आय विल एन्शुअर."

ब्रीडनं शांतपणे फाइल मिटली. "द लॅड इज ग्रँड," ती म्हणाली, "बट आर यू लुकिंग फॉर वर्क युअरसेल्फ?"

अथर्व लागला म्हणून माझी लेक सई लागली. सई लागली म्हणून डॉक्टर देशमुखांची जाई लागली. तेव्हा आम्हा सगळ्यांना संगतीचा परिणाम ही फार चांगली गोष्ट वाटत होती.

*

कुलकर्ण्यांची बायको मंजिरी म्हणजे नाक. पोरगा दारात आला की आधी जॅकेट हुंगणार. "सिगरेटचा वास लपत नाही हो," हा तिचा सिद्धांत.

एका शनिवारी जॅकेटला चक्क हापूसचा वास आला! बाई विरघळली. "बिचाऱ्याला घरची आठवण येते, कॅफेत आंब्याचं काहीतरी घेत असणार." लगेच शनिवारच्या डब्यात आम्रखंड सुरू. महिनाभर!

शेवटी आमच्या सईलाच राहवलं नाही. "काकू, दॅट्स हिज व्हेप."

मंजिरीनं ते व्हेप, म्हणजे आंब्याच्या वासाची ई-सिगरेट, जप्त केलं आणि आम्रखंडही बंद केलं. अथर्व म्हणतो, त्याला आम्रखंडाचं जास्त वाईट वाटलं.

*

मग मंडळानं पोरांचं प्रबोधन करायचं ठरवलं. डॉक्टर देशमुख छातीचेच डॉक्टर. रविवारी त्यांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागला, काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं आली, पोरं सोफ्यावर चिडीचूप.

पाचव्या स्लाइडला जाईनं विचारलं, "बाबा, डिड यू एव्हर?"

डॉक्टर प्रामाणिक माणूस. "नागपूरला असताना, एकदोनदा..." म्हणाले आणि तिथून जे सुटले ते सुटलेच! हॉस्टेलसमोरची टपरी, डिसेंबरची थंडी, छत्तीस तासांच्या ड्युटीनंतरचा कटिंग चहा, चौघांत मिळून एक सिगरेट. "काय दिवस होते यार!" डोळे मिटून सांगत होते आणि मागे भिंतीवर फुप्फुस तसंच.

बाहेर पडताना अथर्वनं निकाल दिला. "ऑनेस्टली, साउंडेड लाइक गुड क्रॅक." क्रॅक म्हणजे इथली धमाल. मंडळानं दुसरं लेक्चर ठेवलं नाही.

*

आता माझ्या घरचं. हे सांगताना मात्र मला हसू येत नाही.

एकदा मशीनला लावायच्या आधी मी सईचा ॲप्रन झटकला, तर खिशातून गुलाबी व्हेप पडलं.

"इट्स नॉट माइन, बाबा. आय ओन्ली होल्ड इट."

"धरतेस? कशाला?"

तेव्हा कळलं. कॅफेमागच्या यार्डात जाऊन दहा मिनिटं उभं राहायची सवलत फक्त ओढणाऱ्यांना. न ओढणाऱ्यांनी आत भांडी घासत राहायचं! पुढच्या शनिवारी कोण कुठे, कुणाची कुणाशी दोस्ती, सगळं त्या यार्डातच ठरतं. म्हणून आधी ती कुणाचं तरी व्हेप नुसतं हातात धरून उभी राहायची.

"आधी?" मी विचारलं.

सईनं माझ्या हातून ॲप्रन ओढून घेतला आणि मशीनमध्ये कोंबला.

*

आई तेव्हा कऱ्हाडच्या जवळच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आली होती. मी तिला म्हटलं, "माझं ऐकत नाही ती. तू समजव."

आता आई स्वतः दिवसातून तीनदा मिश्री लावते. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, दात घासायच्या नावाखाली. डबी कायम कनवटीला. पण बुडत्या बापाला तेवढा विचार कुठला सुचणार!

सईच्या ब्रेकची गोष्ट ऐकून आईनं मांडीवर थाप मारली. "अगं, आमचंबी ह्येच की! चौदा वर्साची हुते. शेतात तण भांगलायला जायाची. मिसरी लावायला म्हून बाया बांधाला टेकायच्या. न लावणारीनं उनात भांगलत ऱ्हायाचं. दोन दिस भांगललं, तिसऱ्या दिशी म्याबी बोट फुडं केलं."

"आजी, मग तू... स्टॉप नाही केलं?"

"आता करीन, मग करीन. साठ वर्सं झाली बग."

सई कितीतरी वेळ त्या डबीकडे बघत बसली. मला वाटलं, झालं, हेही डॉक्टरांच्या लेक्चरसारखंच झालं.

पुढच्या शनिवारी आई माझ्याबरोबर पार्किंगला आली. दिवसभर तिचं कशातच लक्ष नव्हतं, नुसतंच बोट हिरड्यांवरून फिरत होतं. साडेपाचला सई आली, तीही तशीच वैतागलेली. ॲप्रन काढताना तिच्या खिशातून डबी निघाली. आईची मिश्रीची डबी!

"ही तुझ्याकडे कशी?" मी ओरडलोच.

"ब्रेकला आता हीच धरते," सई म्हणाली. "दे थिंक इट्स क्लास."

आईनं कोट बाजूला सारून कनवटीचं गुलाबी व्हेप काढून दाखवलं. "तिचं माज्यापाशी, माजं तिच्यापाशी. बुधवारपास्नं. जी आदी मागंल ती हारली."

कुलकर्णी इतके हसले की चहा अंगावर सांडला. मंजिरीनं टाळ्या वाजवल्या. मीही पोट धरून हसत होतो, डोळ्यांत पाणी आलं होतं.

आई हसली नाही. तिनं माझ्यापुढे हात पसरला.

"आन तुजं? त्ये गाडीच्या कप्प्यात दडवलेलं पाकीट?"