मेणबाईचे सहा दात

लॅबमध्ये तिला सगळे मेणबाई म्हणायचे. दातांची लॅब ती. डॉक्टरांनी घेतलेली मापं तिथे यायची आणि तयार कॅपा, कवळ्या छोट्या डब्यांत भरून परत जायच्या. सव्वीस वर्षं ती खिडकीजवळच्या बाकावर बसून मेणाचे दात कोरत होती. मेणावरून धातूची टोपी ओतायची, घासायची, आणि ती दातावर केसभरही फट न ठेवता बसेल अशी करायची, हे तिचं काम. त्या टोपीवर पोर्सेलिनचे थर चढवून तिचा खराखुरा दात करणारा माणूस शेजारच्या बाकावर असायचा. त्याला रंगारी म्हणत. मेणबाईपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, बोलायला कंजूस, पण हातात जादू. डोळे अधू झाले तसा तो चार वर्षांपूर्वी घरी बसला.

मग मालकानं लॅब विकली. नव्या मालकानं दात कोरणारं यंत्र आणलं. यंत्राला चहा लागत नाही, त्याची पाठ धरत नाही आणि त्याच्या घरी कुणी आजारी पडत नाही. एका शुक्रवारी दुपारी मेणबाईला आणि आणखी दोघांना नारळ मिळाला.

मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होता. घरी ती आणि सून. सून घरात बसूनच काम करायची. कुठल्याशा कंपनीसाठी माणसं शोधायची, तीही कुणाला न भेटता, कामधंद्याच्या ओळखींची एक साइट असते तिच्यावर. आठवडाभर सासूनं भांडी पुन्हा पुन्हा घासलेली पाहून तिनं एके सकाळी विचारलं, "आई, तुम्हाला किती डॉक्टर ओळखतात?"

"एकही नाही."

"सव्वीस वर्षांत?"

"डॉक्टर मालकाला ओळखायचे गं. आमचा नुसता डबा जायचा. डब्यावर लॅबचं नाव."

सुनेनं त्याच दिवशी तिचं खातं उघडून दिलं. फोटो काढताना "हसा ना, आई" म्हणाली, आणि दातांत आयुष्य घालवलेल्या बाईला काही केल्या नीट हसता येईना. मग नियम सांगितले. रोज पाच जणांना ओळखीची विनंती पाठवायची, पण दिसेल त्याला नाही. दातांचे डॉक्टर, लॅबवाले, सामान विकणारे, एवढेच. विनंतीबरोबर दोन ओळी लिहायच्या, त्यांचं कुठलं काम आवडलं ते. दुसऱ्यांच्या लिखाणाखाली काहीतरी बोलायचं. आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं काम दाखवायचं.

"म्हणजे दात दाखवायचे."

"हो."

"आणि अवलक्षण झालं म्हणजे?"

सून खळखळून हसली. पहिल्याच आठवड्यात झालंही. एका डॉक्टरनं वीस वर्षांचा दवाखाना बंद करावा लागतोय म्हणून चार परिच्छेद जड अंतःकरणानं लिहिले होते. मेणबाईचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. लोकांच्या हळहळीत तिचं एकटीचं 'हार्दिक अभिनंदन' फुलांसकट झळकलं. कळल्यावर तिनं दिवसभर फोन उशीखाली ठेवला.

तरी ती नेटानं लिहीत राहिली. महिन्याभरात एकोणीस ओळखी झाल्या. त्यातल्या नऊ सुनेच्या मैत्रिणी. मेणाचे, धातूच्या टोप्यांचे फोटो टाकले तर दोन-तीन अंगठे यायचे, त्यातला एक सुनेचा. खरंच होतं ते. टोपी दाताच्या आत असते. माणसं बाहेरचं बघतात.

जुन्या फोनमध्ये एक फोटो होता. वरचे पुढचे सहा दात. कडेला किंचित निळसर, काचेसारखे पारदर्शक होत गेलेले, आणि डावीकडच्या दुसऱ्या दातावर मोहरीएवढा पांढरा ठिपका. बघणारा शपथेवर सांगेल की हे कुणाच्या तरी तोंडातले जन्माचे दात आहेत. आतल्या सहाही टोप्या मेणबाईच्या. बाकी सगळं रंगारीचं.

"बाप रे!" सून म्हणाली. "हे तुम्ही केलंत ना?"

उत्तर द्यायला लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ गेला. टोप्या माझ्याच की, असं तिनं मनात म्हटलं. तोंडानं म्हणाली, "हो."

सुनेनं फोटो टाकला. वर दोन ओळी लिहिल्या: 'सव्वीस वर्षं पडद्यामागे राहिलेल्या माझ्या हातांचं हे काम.' संध्याकाळपर्यंत चारशे अंगठे झाले. सुनेनं तो फोटो आपल्या ऑफिसच्या गटातही पाठवला, खाली 'माझ्या सासूबाई!' असं लिहून. परगावच्या डॉक्टरांनी आपणहून ओळखीची विनंती केली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, ही निळसर कड कशी साधलीत? शेजारी बसून वर्षानुवर्षं कानावर पडलेलं मेणबाईनं लिहून कळवलं. डॉक्टरबाईंनी काम पाठवायला सुरुवात केली. सुदैवानं सगळं दाढांचं. ते तिला बऱ्यापैकी जमायचं. ओळखीच्या एका छोट्या लॅबनं तिला बाक आणि भट्टी वापरू दिली.

चारशे माणसांनी चांगलं म्हटलं की माणसाचा स्वतःवर विश्वास बसायला लागतो, मग ते चांगलं दुसऱ्याचं का असेना. दोन महिन्यांनी शिकाऊ तंत्रज्ञांच्या एका गटानं तिला बोलायला बोलावलं. पडद्यावरच, अर्धा तास, समोरच्या दातांच्या रंगांबद्दल. तिनं होकार दिला.

जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून ती बसली. पहिली पाच मिनिटं माइक बंदच होता. सून हातवारे करत आत आली तेव्हा कुठे आवाज सुरू झाला. मग मात्र ती रंगली. त्या सहा दातांची गोष्ट सांगितली. एक शाळामास्तरीण स्कूटरवरून पडली आणि पुढचे दात गेले. हसतानाचा एकही जुना फोटो नाही. तेव्हा तिच्या सख्ख्या बहिणीला लॅबमध्ये बोलावलं, खिडकीपाशी बसवलं, तासभर तिचे दात न्याहाळले. बहिणीच्या डावीकडच्या दुसऱ्या दातावर पांढरा ठिपका होता. तो तसाच या दातावर घेतला. कॅपा बसवून आरसा दिल्यावर मास्तरीण रडायलाच लागली. म्हणाली, हा ठिपका माझा होता, तुम्हाला कसा कळला?

सगळं खरं घडलेलं. फक्त बहिणीला बोलावलं होतं रंगारीनं, आणि दात न्याहाळले होते तेही रंगारीनं. मेणबाईनं एवढंच केलं, की 'त्यांनी बोलावलं'च्या जागी 'मी बोलावलं' म्हटलं. क्रियापदसुद्धा बदलावं लागलं नाही.

"ठिपका शेवटी वरून रंगवला," असंही ती म्हणाली. तो नक्की कसा घेतला होता ते तिला माहीत नव्हतं. त्या वेळी ती आपलं मेण कोरत होती.

गटानं ते भाषण साइटवर ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी फोनवर निरोप आला. लिहिलेला नव्हे, बोललेला. आवाज तिनं लगेच ओळखला.

"बाई, रंगारी बोलतोय. तुमचं बोलणं ऐकलं. नात दातांच्या कॉलेजात आहे, तिनं लावून दिलं. फोटो काही मला दिसत नाही, पण ठिपका म्हणालात तेव्हा कळलं. बाकी ठीक होतं. पण तो वरून रंगवलेला नव्हता हो. पहिल्या थरावर ठेवला होता आणि त्यावर दुसरा थर घेतला, म्हणून तो आतून आल्यासारखा दिसतो. वरून रंगवला तर घासून घासून निघून जाईल. पोरं चुकीचं शिकतील. तेवढं सुधारा."

तिनं तो निरोप तीनदा ऐकला. रागाचा एक शब्द सापडतो का, ते शोधत. सापडला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी ती त्याच्या इमारतीपर्यंत जाऊन, कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी जिना चढली. दार नातीनं उघडलं. विशीतली मुलगी. तिनं पाहिलं आणि "या" म्हटलं नाही. नुसती बाजूला झाली.

रंगारी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. पाऊल वाजलं तशी मान वळवली. "बाई का? बसा. कसं चाललंय? ओळखी वाढल्यात म्हणे तुमच्या."

"दादा, ते भाषण..."

"हां, ते ठिपक्याचं. सुधारलंत का?"

"दादा, मी त्यात सगळं 'मी केलं, मी केलं' असंच बोलले."

"ऐकलं की." रंगारी हसला. "नात तेच म्हणत होती, आजोबा, ही बाई तुमचं काम स्वतःचं म्हणून सांगतेय. मी म्हटलं, गप बस. सुरुवातीचा आवाज आला नाही ना? त्यात सांगितलं असेल त्यांनी, की ही रंगारीची गोष्ट, आता त्याच्याच तोंडून सांगते. बावीस वर्षं शेजारी बसलेली बाई आहे ती. चांगलाच रागावलो तिला."

नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मेणबाईला वाटलं, होकार द्यावा आणि उठावं. एवढं सोपं होतं ते. त्या पाच मिनिटांत आपण काय बोललो होतो, ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, "नव्हतं सांगितलं, दादा. त्या पाच मिनिटांत मी माझीच ओळख करून देत होते. तुमचं नाव मी कुठेच घेतलेलं नाही. फोटोखालीही नाही."

रंगारीचा चेहरा तसाच राहिला, पण हात खुर्चीच्या दांड्यावर आला आणि तिथेच थांबला. मग त्यानं हाक मारली, "इकडे ये गं."

नात पुढे आली.

"मी तुला रागावलो ते चुकलं माझं. तू बरोबर होतीस."

"असू दे, आजोबा."

"असू दे कसं? चुकलं ते चुकलं."

मेणबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिनं चूक करायची आणि माफी म्हाताऱ्यानं मागायची, तीही तिच्यासमोर. ती पुटपुटली, "दादा, मला माफ करा."

"हे मला कशाला सांगता?" रंगारी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ते दात मी केलेत हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

घरी येऊन तिनं सुनेला सगळं सांगितलं. सुनेनं संगणक मिटला. "आई, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं."

"हो गं."

"याउपर मी तुम्हाला एक शब्द लिहून देणार नाही. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही लिहा." आणि ती आत निघून गेली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिनं दार लावून घेतलं.

मेणबाईनं स्वतः लिहिलं. बोट एक, चष्मा एक, चुका अनेक. 'मी टाकलेले सहा दात माझ्या हाताचे नाहीत. ते रंगारी यांनी केले. आतल्या धातूच्या टोप्या फक्त माझ्या. भाषणात सांगितलेली गोष्ट त्यांची आहे, मी ती चोरली. ठिपका वरून रंगवलेला नाही, दोन थरांच्या मध्ये आहे. मुलांनी तसंच करावं.' मग पाठवायचं बटण दाबलं.

गटवाल्यांनी भाषण काढून टाकलं, उत्तर दिलं नाही. डॉक्टरबाईंनी 'कळवल्याबद्दल आभार' एवढंच लिहिलं, आणि त्यांचे डबे यायचे थांबले. हे तिनं गृहीतच धरलं होतं. धरलं नव्हतं ते निराळंच. त्या माफीला सहाशे अंगठे आले. कुणी लिहिलं 'केवढं मोठं मन!', कुणी 'तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम'. चोरीला चारशे आणि कबुलीला सहाशे. तिचे कान तापले.

तिनं सुनेच्या दारावर टकटक केली. "हे परत करता येतात का गं?"

दार उघडलं. सुनेनं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "नाही येत, आई," ती म्हणाली, आणि तिला आत घेऊन तिच्याशेजारी पलंगावर बसली. त्या दिवसानंतर दोघी पुन्हा बोलू लागल्या, पण साइटबद्दल नाही.

रंगारीला तिनं फोन केला. तो म्हणाला, "नातीनं वाचून दाखवलं." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर ती त्याच्या घरी गेलेली नाही.

काम मात्र अगदीच तुटलं नाही. तीन छोट्या दवाखान्यांचे डॉक्टर तिला टोप्या आणि कवळ्यांचं काम पाठवतात. ती स्वतः डबे पोचवते, त्यामुळे ते तिला चेहऱ्यानं ओळखतात. साइटवर कामाचा फोटो टाकते तेव्हा मेण कुणाचं, रंग कुणाचा, भट्टी कुणाची, सगळं लिहिते. इतकं लिहिते की कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

मध्यंतरी तिला ओळखीची एक विनंती आली. रंगारीच्या नातीची. सोबत एकही ओळ नव्हती. मेणबाईनं दोन दिवस तिला हात लावला नाही, मग स्वीकारली. आठवड्यानं मुलीनं कॉलेजात केलेल्या एका टोपीचा फोटो पाठवला. 'कडेला फट राहतेय. कुठे चुकतंय?' ना ताई, ना मावशी, ना नमस्कार.

मेणबाईनं फोटो मोठा करून पाहिला. मेण थंड व्हायच्या आत साच्यावरून काढलं होतं. तिनं तसं लिहिलं, आणि कडेला मेण पुन्हा कसं वितळवून घ्यायचं तेही. हे तिचं स्वतःचं होतं, तरी पाठवण्याआधी तिनं दोनदा तपासलं.

आता महिन्यातून एकदोनदा असा फोटो येतो. मेणबाई हातातलं काम ठेवून लगेच उत्तर देते. त्यावर मुलगी आभार मानत नाही, अंगठासुद्धा पाठवत नाही. मेणबाईला ते रास्त वाटतं.